यादीच्या तळाची अकरा माणसं

मामांच्या कुरकुरीकडे केंद्रात कुणी लक्ष देत नसे, आणि त्यात थोडा दोष मामांचाही होताच. गाडीचं सीट टोचतं, लोक रस्त्यात गाड्या आडव्या लावतात, सिस्टर मंडळी दार आपटतात, काच पुसायला धड फडकं मिळत नाही. बावीस वर्षं मामा या केंद्राची गाडी चालवत होते आणि बावीस वर्षं त्यांचे हेच पाढे चालू होते. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी साडेआठला, सिस्टरना आपापल्या भागात सोडून परत आल्यावर, ते ताई बसत असे त्या कापूसपट्ट्यांच्या जुन्या कोठीत डोकावले आणि म्हणाले, "ताई, नऊ दिवस झाले, मी कुणाला पत्ता विचारलेला नाही," तेव्हा ताईनं स्क्रीनवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"छानच की मामा. सगळे रस्ते पाठ झाले म्हणायचे."

"रस्ते मला पाठच आहेत," मामा म्हणाले. "दारं नवी लागत नाहीयेत, ते सांगतोय."

एवढं बोलून किल्ली बोटाभोवती फिरवत ते चहाला निघून गेले.

ही ताई म्हणजे केंद्राची यादीताई. खरं तर ती प्रोग्रॅमर, आणि चांगली बारा वर्षं मुरलेली. पण केंद्र होतं घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरचं, आणि तिथं तिचं एकच काम सगळ्यांच्या नजरेत भरे. रोज सकाळी सात वाजता पाचही सिस्टरच्या मोबाइलवर त्या दिवसाची यादी येई. पाचही जणींची मिळून तीस नावं, तीस पत्ते. ऑपरेशन होऊन घरी आलेली, जखमा न भरणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं. ही यादी ताईच्या प्रोग्रॅममधून निघे, म्हणून ती यादीताई. सुरुवातीला तिला या नावाचा राग येई. एवढं शिकून शेवटी वाणसामानासारखी यादीच करायची का, असं तिनं नवऱ्याला विचारलंही होतं. नवरा स्वयंपाकात तरबेज आणि बोलण्यात कंजूष. "यादी चुकली तर कळेल तुला तिची किंमत," एवढंच तो डब्याचं झाकण लावत म्हणाला होता.

ताईनं पुन्हा कामात डोकं घातलं. पण 'नऊ दिवस' हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. नऊ दिवस कशाला झाले? तिनं मागे मोजलं. सोमवार, रविवार, शनिवार... आणि मोजता मोजता गेल्याच्या गेल्या रविवारपाशी येऊन थांबली. त्या रविवारी तिनं डेटाबेस बदलला होता.

इथं दोन शब्द सांगायला हवेत. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. केंद्राचं जुनं कपाट अगदी लहान होतं, एका संगणकातली एक फाइल. एक सिस्टर त्यात काही लिहीत असली की बाकीच्यांनी दाराबाहेर उभं राहायचं. दुपारी पाचही जणी एकदमच 'भेट झाली' असं बटण दाबू लागल्या की डेटाबेस कुलूपबंद असल्याचा निरोप येई आणि पाच फोन खणखणत. ताईच्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं मोठा डेटाबेस घ्यायचं ठरवलं, एकाच वेळी शंभर जणांशी बोलू शकणारा.

आता प्रत्येक डेटाबेसची बोली थोडी निराळी असते. एकाला जे चालतं ते दुसऱ्याच्या पचनी पडत नाही. पण ताई ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची त्या पायथॉनमध्ये यासाठी एक टूलकिट, म्हणजे तयार अवजारांची पेटी, मिळतं. आपला प्रश्न आपण पायथॉनमध्ये मांडायचा, आणि समोर जो डेटाबेस असेल त्याच्या बोलीत तो करून द्यायचं काम टूलकिटचं. ताई त्याला दुभाष्या म्हणे. हा दुभाष्या हाताशी होता म्हणून तर तिनं सगळा बदल एका रविवारात उरकला. जुन्या डेटाबेसचा पत्ता खोडला, नव्याचा लिहिला. मग दोन दिवस लहानसहान चुका आल्या. जुना डेटाबेस तारखेला साधा मजकूर समजून गप्प बसे, नव्याला खरीखुरी तारीख हवी. जुन्याला 'हो'च्या जागी एकचा आकडा चाले, नवा त्यावर हटून बसला. पण या चुका लाल अक्षरांत ओरडत आल्या. ओरडणाऱ्या चुकेचं एक बरं असतं, ती लपत नाही. ताईनं एकेक करून त्या निस्तरल्या, सिस्टरनी टाळ्या वाजवल्या, आणि ताईनं स्वतःची पाठ मनातल्या मनात चांगली थोपटून घेतली.

आणि त्या दिवसापासून मामांना एकही नवं दार लागलं नव्हतं.

केंद्राचा शिरस्ता असा की नव्या पेशंटच्या दारापर्यंत सिस्टरला पहिल्यांदा मामाच पोचवणार. आणि मामांचा शिरस्ता असा की मोबाइलच्या नकाशावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि कोपऱ्यावरच्या माणसाला विचारायचं. आठवड्यात सात-आठ वेळा तरी हे व्हायचंच. नऊ दिवसांत एकदाही नाही? ताईला आठवलं, परवा दोन सिस्टर व्हरांड्यात म्हणत होत्या, "या आठवड्यात हॉस्पिटलनं कृपा केली गं, नवं कुणी धाडलंच नाही." तेव्हा तिलाही बरंच वाटलं होतं.

नवे पेशंट हॉस्पिटलच्या संगणकातून थेट केंद्राच्या डेटाबेसमध्ये येत, मध्ये माणसाचा हात नसे. ताईनं आधी तेच पाहिलं. त्या रविवारपासून किती जण आले? उत्तर आलं, अकरा.

अकरा जण आले होते आणि त्यांच्याकडे कुणीही गेलं नव्हतं.

ती खुर्चीत सावरून बसली. सकाळची यादी काढणारा प्रश्न तिनं जसाच्या तसा मोठ्या डेटाबेसला विचारला. तीस नावं आली, त्या अकरा जणांतलं एकही त्यात नव्हतं. मग तिच्या लॅपटॉपवर सरावासाठी ठेवलेला तो जुना लहान डेटाबेस होता, त्यात तिनं ताजी माहिती ओतली आणि त्यालाही तेच विचारलं. तीस नावं आली, आणि अकराच्या अकरा जण डोक्यावर, पहिल्या नंबरापासून!

म्हणजे लॅपटॉपवर बरोबर आणि केंद्रात चूक. प्रोग्रॅमर लोकांना या प्रकाराइतकं दुसरं काही छळत नाही.

तिला पहिला संशय दुभाष्याचा आला. यानं भाषांतरात काहीतरी घोळ घातला असणार. टूलकिटला एक सोय असते, डेटाबेसला तो नेमकं काय सांगतोय ते मोठ्यानं बोलायला लावता येतं. ताईनं ती चालू केली. दोन्हीकडे गेलेले प्रश्न शेजारी शेजारी ठेवले आणि बोट लावून एकेक शब्द ताडून पाहिला. अक्षराचाही फरक नव्हता. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मग कुठल्या तरी अटीमुळे हे लोक गळत असतील. 'उपचार चालू' ही अट तिनं काढून पाहिली. भागाची अट काढली. तिसरीही काढली. काही फरक नाही. शेवटी तिनं साधं मोजायला सांगितलं, एकूण पेशंट किती? लहान डेटाबेस म्हणाला त्र्याण्णव, मोठाही म्हणाला त्र्याण्णव. म्हणजे कुणी गळत नव्हतं. सगळे होते तिथेच होते. मग घोडं पेंड कुठं खात होतं?

तिनं तीसचा आकडा काढून टाकला आणि पूर्ण यादी मागवली. बोटानं खाली खाली सरकत गेली. चाळीस, साठ, ऐंशी. ब्याऐंशीनंतर तिचं बोट थबकलं. त्र्याऐंशी ते त्र्याण्णव, अकराही माणसं तळाशी बसली होती, आणि त्यांच्या नावांपुढचा 'शेवटची भेट' हा रकाना रिकामा होता.

रिकामाच असणार. त्यांच्याकडे कुणी गेलंच नव्हतं, तर तारीख येणार कुठून?

यादीचा नियम साधा होता. ज्याच्याकडे जाऊन जास्त दिवस झाले, तो वर. म्हणजे जुनी तारीख आधी, नवी नंतर. पण ज्याला तारीखच नाही, त्याचं काय करायचं हे प्रश्नात कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुना डेटाबेस रिकाम्या जागेला सगळ्यात लहान समजे, म्हणून असा माणूस आपोआप वर बसे. नवा रिकाम्या जागेला सगळ्यात मोठी समजतो, म्हणून तोच माणूस तळाशी. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. इतकी वर्षं नव्या पेशंटकडे आधी जाणं हा केंद्राचा नियम आहे असं सगळे समजत होते. तो नियम नव्हताच, ती जुन्या कपाटाची सवय होती. दुभाष्यानं शब्द इमानेइतबारे पोचवले. न बोललेलं तो बिचारा कसं पोचवणार?

तळाची माणसं वर येण्याचाही काही संभव नव्हता. रोज तीस भेटी व्हायच्या, तिसऱ्या दिवसापासून पहिले तीस पुन्हा जुने होऊन वर यायला लागायचे. ते चाक असंच फिरत राहिलं असतं, आणि ही अकरा माणसं महिनाभर तिथंच बसून राहिली असती. दुरुस्ती करायला तिचा हात कीबोर्डकडे गेला, आणि मग तो मागे घेऊन ती उठली आणि मोठ्या सिस्टरच्या खोलीकडे धावली.

मोठ्या सिस्टर म्हणजे केंद्राच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, पायात कापडी बूट, आवाज असा की दोन खोल्यांपलीकडचा पेशंटही उठून बसावा. ताईनं एका श्वासात सगळं सांगितलं, आणि शेवटी, "माझी चूक आहे सिस्टर, माझ्यामुळे..." म्हणता म्हणता तिचा आवाज चिरकला.

"रडायचं असेल तर गाडीत रड," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आधी नावं दे."

ताईनं कागद पुढे केला. मोठ्या सिस्टरनी चष्मा चढवला आणि पेन्सिलीनं भराभर खुणा केल्या. फोन उचलून बाहेर असलेल्या पाचही जणींना दोन-दोन नावं वाटून दिली. एक नाव मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. त्यापुढे हॉस्पिटलनं लिहिलं होतं: वय चौसष्ट, मधुमेह, टाचेला जखम, दर तिसऱ्या दिवशी मलमपट्टी, दुर्लक्ष झाल्यास पाय काढावा लागण्याची शक्यता. घरी सोडून आठ दिवस झाले होते.

"हिच्याकडे मी जाते," त्या म्हणाल्या. "तू पण चल. मला बॅटरी धरायला माणूस लागेल."

गाडीत ताई मागे बसली. मांडीवर तिचा डबा होता, पर्स उचलताना तोही हातात आला होता. मामांना सगळं कळलं होतं. आता हे म्हणणार, मी सांगत होतो, माझं या केंद्रात कोण ऐकतंय! त्यांना तसं म्हणायचा पूर्ण हक्क होता आणि ताईनं त्यासाठी मन घट्ट करून ठेवलं होतं. पण मामा पूर्ण रस्ताभर चकार शब्द बोलले नाहीत. सीटबद्दलही नाही. त्या गप्प पाठीकडे बघता बघता ताईला इतकं भरून आलं की तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

एका चौकात मामांनी गाडी थांबवली, काच खाली केली, आणि चाव्या बनवणाऱ्या माणसाला पत्ता विचारला. त्या माणसानं हातातली कानस खाली ठेवून सविस्तर सांगितलं, डावीकडे, मग निळं फाटक, मग बोळात तिसरा जिना.

"आज विचारला बरं का ताई," मामा काच वर करत म्हणाले. तेवढंच.

दार उघडंच होतं. दुसऱ्या मजल्यावर दोनच खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन. भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळं खिळ्यांना ओळीनं अडकवलेली. मशीनशेजारी खुर्चीत एक बाई बसली होती, एक पाय स्टुलावर लांब केलेला. शिंपीणबाई होती ती. स्टोव्हवर झाकलेलं पातेलं होतं, त्यातून वाफ येत होती.

"या," ती म्हणाली. "पाणी उकळून ठेवलंय."

"आम्ही येणार हे तुम्हाला कसं कळलं?" ताईनं विचारलं.

"रोज ठेवते. सिस्टर आल्या की पाण्यासाठी खोळंबा नको." ती जराशी हसली. "दुपारपर्यंत कुणी आलं नाही की वापरून टाकते. दोनदा फोन केला होता. तुमची ती मुलगी म्हणाली, मावशी, नाव आहे तुमचं यादीत, येतील. मी म्हटलं, ती कशाला खोटं बोलेल?"

खोटं नव्हतंच ते. फोनवरची मुलगी नाव शोधे, नाव सापडे, आणि ती तसं सांगे.

मोठ्या सिस्टर गुडघ्यावर बसल्या, हातमोजे चढवले आणि पट्टी सोडू लागल्या. ताईनं बॅटरी धरली. पट्टी हॉस्पिटलची नव्हती. पांढऱ्या सुती कापडाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून, कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या, म्हणजे सुटा धागा जखमेत जाऊ नये. "हे कुणी केलं?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"मीच. हॉस्पिटलात बघितलं होतं कसं करतात ते. कापड उकळून वाळवायचं, मग इस्त्री करायची. आरसा जमिनीवर ठेवते, त्यात टाच दिसते."

जखम उघडी झाली. मोठ्या सिस्टरनी बराच वेळ पाहिलं, कड हलकेच दाबली, वास घेतला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कडेला लाल झालंय. हे कधीपासून? नीट आठवून सांगा मावशी, यावर फार अवलंबून आहे."

"आठवायचं कशाला?" शिंपीणबाई म्हणाली. "त्या मशीनवरची वही द्या हो जरा."

ताईनं वही दिली. मापांची वही होती ती, छाती, कंबर, बाही, उंची, पानंच्या पानं गिऱ्हाइकांची. शेवटच्या पानावर मात्र वर लिहिलं होतं, 'माझी टाच'. खाली रोजची तारीख आणि टेपनं घेतलेलं लांबी-रुंदीचं माप. पहिले सहा दिवस माप जवळजवळ तेच होतं, उलट एक सूतभर कमीच. सातव्या दिवशी वाढलं होतं, आठव्या दिवशी आणखी थोडं. कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'लाल'.

मोठ्या सिस्टरनी ती वही दोनदा वाचली. मग डॉक्टरांना फोन लावून आकडे जसेच्या तसे वाचून दाखवले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, कालपरवाचीच सुरुवात आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "लिहिलेलं आहे माझ्यासमोर." औषधांची नावं त्यांनी हातावर टिपून घेतली, फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मागे टेकून बसल्या.

"पाय राहील मावशी," त्या म्हणाल्या. "आजपासून गोळ्या, परवा पुन्हा मलमपट्टी. आणखी चार दिवस गेले असते तर मी हे म्हणू शकले नसते."

शिंपीणबाईनं डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मग कळलं की ती वरवर दिसत होती तितकी निर्धास्त मुळीच नव्हती. मशीन पायानं चालवायचं होतं तिला. आठ दिवस ती रोज टेप लावून बघत होती की हा पाय आपला राहतो की जातो.

मामा औषधं आणायला गेले, मोठ्या सिस्टर जखम धुऊ लागल्या. बॅटरी धरलेला ताईचा हात थरथरायला लागला. आता बोलायलाच हवं होतं. "मावशी, ती मुलगी खोटं बोलली नव्हती. तुमचं नाव यादीत होतं, पण सगळ्यात खाली. यादी मी करते. चूक माझी आहे."

शिंपीणबाईनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "खाली का?"

"कारण तुमच्याकडे आम्ही आधी कधी आलोच नव्हतो. तारीख नव्हती तुमच्या नावापुढे. तारीख नसलेल्याला आमच्या नव्या यंत्रानं शेवटी बसवलं, आणि मी ते बघितलं नाही."

"अगं बाई," शिंपीणबाई म्हणाली. ती चिडली होती, ते तिच्या नाकपुड्यांवरून दिसत होतं, आणि चिडायला तिला कारण होतं. "नव्या गिऱ्हाइकाचं माप माझ्या वहीत नसतं. म्हणून त्याला मी शेवटी नाही बसवत. टेप आधी त्याच्याच अंगाला लावते."

"हो," ताई म्हणाली.

"तुला कळलं कसं मग?"

"मामांनी सांगितलं. आमचे ड्रायव्हर. म्हणाले, नऊ दिवस नवं दार लागलं नाही."

शिंपीणबाईनं मान डोलावली. मग तिची नजर ताईच्या हाताकडे गेली. "काही खाल्लंस का सकाळपासून? बॅटरी नाचतेय नुसती. सिस्टरना माझी टाच दिसणार कशी?"

मोठ्या सिस्टर खो खो हसल्या. मलमपट्टी झाल्यावर शिंपीणबाईनं तिला समोर बसवून डबा उघडायला लावला. नवऱ्यानं नेहमीप्रमाणे एकाला जास्त आणि दोघांना कमी पडेल एवढं दिलं होतं. दोघींनी वाटून खाल्लं. रागावलेल्या माणसानं समोर बसून आपल्याबरोबर दोन घास खावेत, याइतकं मोठं देणं ताईला त्या दिवशी दुसरं कुणी देऊ शकलं नसतं. तिला बोलून दाखवायचं होतं, पण तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी, तेव्हा ते राहूनच गेलं.

औषधं देऊन मामा खाली निघाले, तेव्हा जिना उतरताना तिनं त्यांना गाठलं. "मामा, सकाळी मी तुमचं नीट ऐकून घेतलं नाही. चुकलं माझं. तुम्ही होतात म्हणून..."

"ते असू दे," मामा गडबडीनं म्हणाले. कुणी आभार मानू लागलं की त्यांची पंचाईत होई. "सीटचं काय ते बघा आधी."

दुपारी बाकीच्या दहा जणांकडे सिस्टर जाऊन आल्याचे फोन आले. एका आजोबांचे टाके सुजले होते, एका बाळंतिणीला ताप होता, बाकी सगळे ठीक होते. दहावा फोन ठेवल्यावर ताईचा जीव भांड्यात पडला आणि मगच ती कोडकडे वळली.

दुरुस्ती तशी चिमूटभर. 'रिकामे आधी' असं टूलकिटला सांगायची सोय होती, तिनं ती लिहिली. मोठ्या डेटाबेसनं मुकाट्यानं ऐकलं. लॅपटॉपवरच्या लहान डेटाबेसची आवृत्ती मात्र जुनी होती, त्याला हे शब्दच ठाऊक नव्हते, त्यानं लाल अक्षरांत बोंब मारली. आज ताईला त्या लाल अक्षरांचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. मग तिनं दोघांनाही कळेल असं सरळ मांडलं: तारीख रिकामी असेल तर शून्य समजा, नसेल तर एक; आधी या आकड्याप्रमाणे लावा, मग तारखेप्रमाणे. आता कुणाच्या सवयीवर काही सोडलेलं नव्हतं. एक चाचणीही लिहिली, तारीख नसलेला एक खोटा पेशंट, जो दोन्ही डेटाबेसमध्ये पहिल्या नंबरावरच यायला हवा. आणि कोडमध्ये त्या ओळीवर टीप लिहिली: 'ज्यांच्या दारी आपण अजून गेलो नाही, ते आधी. हा केंद्राचा नियम आहे.' इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा कुठंतरी लिहिला गेला.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. रोजच्या यादीच्या माथ्यावर 'आज नवी दारं' अशी ओळ टाकली, पुढे आकडा, आणि यादी पाठवायच्या नंबरांत सहावा नंबर वाढवला, मामांचा.

पाच वाजता मोठ्या सिस्टर निघाल्या, तेव्हा ताईनं त्यांना दारात अडवलं. "सिस्टर, मावशींची नोंद केलीत का?" त्यांनी कपाळावर हात मारला. घरोघरच्या जखमा त्यांच्या ध्यानात राहत, पण बटण दाबायला त्या नेहमी विसरत. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मोबाइलवर 'भेट झाली' दाबलं. नोंदीत तारखेबरोबर वेळही पडे, आणि केंद्राची त्या दिवसाची ती शेवटची नोंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दोन डबे घेऊन आली. एक तिचा, दुसरा नवऱ्यानं मामांसाठी मुद्दाम दिलेला. सात वाजता यादी सुटली आणि पाच मिनिटांत मामा कोठीच्या दारात हजर, एका हातात मोबाइल.

"दोन नवी दारं आहेत म्हणे आज."

"आहेत ना मामा. अगदी वरच."

"पत्ता धड लिहिलेला नाही एकाचाही."

"मग विचारा कुणाला तरी."

"विचारावाच लागणार," मामा म्हणाले. डबा उघडून त्यांनी तिथंच एक घास तोंडात टाकला, मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि डबा काखेत मारून खुशीत निघून गेले. त्यांच्या खुर्चीला, म्हणजे गाडीतल्या सीटला, आज नवी गादी होती, याबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत.

ताईनं पूर्ण यादी उघडली. पहिल्या नंबरावर एक नवं नाव, दुसऱ्यावर एक, दोघांचेही तारखेचे रकाने रिकामे. ती खाली सरकत गेली, काल सरकली होती तशीच. चाळीस, साठ, ऐंशी, नव्वद. सगळ्यात तळाशी, पंच्याण्णव नंबरावर, शिंपीणबाईचं नाव होतं. कालही ती तळाशीच होती. पण आज तिच्या नावापुढे तारीख होती, कालची.